धावांचे मोल आणि फलंदाजाचा पगार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आमच्या आधी संतवाङ्मयावर आणि मराठी रंगभूमीवर विद्वानांची भाषणे झाली. आम्ही पडलो केंद्र सरकारच्या हिशेबखात्यातले एक साधे बी. ए. झालेले अधिकारी. उभा जन्म दुसऱ्यांच्या पगाराची बिले तपासण्यात गेला. तेव्हा आमच्या वाट्याला विषयही पगाराचाच यावा, हे ओघानेच आले. फरक एवढाच, की आज तपासावयाची बिले क्रिकेटच्या फलंदाजांची आहेत.

निमित्त असे घडले. गेल्या गणेशोत्सवात आरतीनंतर मंडळाच्या एका सभासदांनी आम्हांस बाजूला घेतले. त्यांचे चिरंजीव नववीत आहेत आणि फलंदाजी खरोखरच चांगली करतात. ते म्हणाले, "साहेब, शाळा नावापुरती ठेवून मुलाला पूर्णवेळ क्रिकेटला घालावे म्हणतो. लिलावातले आकडे पाहिलेत ना?" आम्ही म्हटले, "भाऊसाहेब, हिशेब मांडून सांगतो." आजचे भाषण म्हणजे तोच हिशेब.

हे आकडे आमच्या पिढीचे डोळे दिपवितात, यात नवल नाही. १९८३ साली भारताने विश्वचषक जिंकला तेव्हा आम्ही शाळेत होतो. त्या विजयी वीरांना बक्षीस देण्यास क्रिकेट नियामक मंडळाच्या तिजोरीत पैसा नव्हता. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, तेव्हा कोठे प्रत्येक खेळाडूच्या हाती १ लाख रुपये पडले. २००८ साली आयपीएल सुरू झाली आणि खेळाडूंचा लिलाव होऊ लागला. २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दा येथे झालेल्या लिलावात ऋषभ पंत यांची किंमत २७ कोटी रुपये झाली.

आता ही किंमत ठरली कशी, ते पाहण्यासारखे आहे. बोली चढत चढत २० कोटी ७५ लाखांवर लखनौच्या नावे थांबली. पंत आधी दिल्लीच्या संघात होते. तेवढीच रक्कम देऊन आपला खेळाडू परत घेण्याचा हक्क दिल्लीने बजावला. नियमानुसार लखनौला एकदा शेवटची बोली वाढविता येत होती, आणि दिल्लीने माघार घ्यावी म्हणून लखनौने एकदम २७ कोटींचा आकडा उच्चारला. म्हणजे वरचे सव्वासहा कोटी रुपये हे एकाही धावेचे मोल नव्हते. प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवण्याचे ते मोल होते. लिलावात किंमत ठरविण्यात जिंकणाऱ्याइतकाच हरणाऱ्याचाही हात असतो.

पुढे २०२५ च्या हंगामात पंत यांनी २६९ धावा केल्या. भागाकार केला तर एका धावेस सुमारे १० लाख रुपये पडले. त्याच हंगामात गुजरातच्या संघाकडून साई सुदर्शन यांनी सर्वाधिक, म्हणजे ७५९ धावा केल्या. त्यांचा पगार साडेआठ कोटी. एका धावेस सुमारे १ लाख १२ हजार.

परंतु हिशेबनीसाने येथेच बिलावर शेरा मारला, तर तो अन्याय होईल. पंत यष्टिरक्षण करीत होते आणि संघाचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते. त्याचे मोल धावांच्या रकान्यात कोठून येणार? शिवाय निव्वळ भागाकार फसवा असतो. कचेरीत एखादा माणूस रजेवर गेला म्हणजे त्याची खरी किंमत कळते. बदली आलेल्याने काम जेमतेम निभावले, तर गेलेला मोलाचा. बदलीने तितकेच केले, तर गेलेल्याचा पगार विचार करण्याजोगा. फलंदाजाचेही तसेच. समजा, किमान बोलीचा, ३० लाखांचा एखादा तरुण तेवढ्याच सामन्यांत २५० धावा काढू शकेल. हा आकडा आम्ही केवळ उदाहरणासाठी धरला आहे. मग साई सुदर्शन यांची भर ५०९ धावांची ठरते आणि पंत यांच्या बॅटीची अवघी १९ धावांची. पगार द्यावयाचा तो या 'भरीला', एकूण धावांना नव्हे.

ही दृष्टी अमेरिकेतील बेसबॉलने जगाला दिली. त्या खेळात गोलंदाजाने चार चेंडू टप्प्याबाहेर टाकले आणि फलंदाजाने मोह आवरला, तर त्याला पहिला तळ फुकट मिळतो. अशा संयमी खेळाडूंना बाजारात भाव नव्हता. भाव होता तो जोरदार फटक्यांना. ओकलंडच्या संघाने ही स्वस्त, पण उपयोगी माणसे वेचून घेतली. २००२ साली त्या संघाचा पगारखर्च सुमारे ४ कोटी डॉलर होता आणि न्यूयॉर्क यांकीजचा सुमारे साडेबारा कोटी. त्या हंगामात दोघांनीही साखळीतले सामने जिंकले ते सारखेच, १०३!

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. पुण्याचे ऋतुराज गायकवाड यांना चेन्नईने २०१८ च्या डिसेंबरातील लिलावात २० लाखांना घेतले. २०२१ च्या हंगामात त्यांनी ६३५ धावा केल्या. त्या हंगामात कोणाच्याही त्याहून अधिक नव्हत्या, आणि चेन्नई अजिंक्य ठरली. पुढे त्यांचे मोल ६ कोटी झाले, नंतर १८ कोटी. १८ कोटींच्या त्या २०२५ सालात मात्र पाच सामन्यांत १२२ धावा झाल्या आणि कोपराच्या दुखापतीने त्यांस घरी बसविले. यात त्यांचा दोष काय? पगार मागच्या पराक्रमाचा आणि पुढच्या आशेचा असतो; धावा मात्र त्या त्या दिवसाच्याच असतात.

त्याच ऋतुराजांनी ३ डिसेंबर २०२५ रोजी आपल्या रायपुरात, परसद्याच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १०५ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतले त्यांचे ते पहिले शतक. भारताने ३५८ धावा केल्या आणि तरीही सामना गमावला. मग त्या १०५ धावांचे मोल काय धरावे? आमच्या खतावणीत त्यासाठी रकाना नाही.

सांगलीच्या स्मृती मानधना यांना २०२३ साली महिलांच्या पहिल्या लिलावात सर्वाधिक, म्हणजे ३ कोटी ४० लाख रुपये मिळाले. त्या वर्षी आठ सामन्यांत १४९ धावा झाल्या आणि टीकाही झाली. पुढच्या वर्षी पगार तोच, धावा ३००, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरने चषक जिंकला. वर्षाच्या आत मोलाचा निवाडा करू नये, एवढा बोध यातून घ्यावा.

आता भाऊसाहेबांच्या प्रश्नाकडे वळू. जेद्दाच्या लिलावासाठी १,५७४ खेळाडूंनी नावे नोंदविली होती; विकले गेले १८२. आणि हे १,५७४ म्हणजे गल्लीत खेळणारी मुले नव्हेत. रणजी सामन्यांत, नियामक मंडळाने २०२१ मध्ये ठरविलेल्या दरांनुसार, २० पर्यंत सामने खेळलेल्यास दिवसाला ४० हजार आणि ४० हून अधिक खेळलेल्यास ६० हजार रुपये मिळू लागले. रक्कम लहान नाही. पण ती अकरात नाव आले तर, आणि जितके दिवस खेळाल तितक्याच दिवसांची. निवृत्तिवेतनाची ओळ त्या बिलात दिसत नाही.

शेवटी एकच नाव घेतो. १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी शालेय सामन्यात ६६४ धावांची भागीदारी केली. त्यांच्यानंतर खेळावयाचे म्हणून अमोल मुझुमदार पॅड बांधून बसूनच राहिले. पुढे त्यांनी प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा केल्या. भारताकडून खेळण्याची संधी एकदाही आली नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघ विश्वविजेता झाला, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. कोणत्या लिलावात या धीराची बोली लागली असती?

एक कबुली दिली पाहिजे. आमची कन्या शिक्षिका झाली तेव्हा आम्ही पहिला प्रश्न विचारला तो "पगार किती?" हा. "वर्गात मुले किती?" हे विचारावयाचे आम्हांस सुचले नाही. तेव्हा भाऊसाहेबांना उपदेश करण्याचा आमचा अधिकार बेताचाच आहे. तरी हिशेबनीस म्हणून एवढे सांगतो: मुलाला अवश्य खेळू द्या, पहाटे उठून मैदानावर सोडा, पण त्याची शाळा सोडवू नका, आणि घरात लिलावाचे आकडे उच्चारू नका. तो शून्यावर बाद होऊन आला, तर त्या दिवशीही त्याला ताटावर बसवून गरम पोळी वाढा. त्या दिवशीचे त्याचे मोल तेवढ्यानेच त्याला कळेल.

ते गृहस्थ आज सभेत उपस्थित आहेत. नाव घेत नाही.