अवजार कोणाचे, निर्णय कोणाचा?

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, विदर्भाच्या सीमेला लागून सौंसर वसलेले आहे. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात समाविष्ट झाले. कापूस आणि संत्री यांच्या या मराठमोळ्या मुलखात हातमागावर लुगडी विणण्याची परंपरा जुनी आहे. माग विणकराच्या घरातच असे. कुठे दोरी आवळावी, बैठक किती उंच असावी, हे त्याचे तोच ठरवी. अवजार कसे असावे हे ठरविणारा आणि ते वापरणारा असे दोन वेगळे मनुष्य तिथे नव्हतेच.

कारखाना आला आणि ही एकता भंगली. यंत्राची रचना एकाने करावयाची, ते विकत घ्यावयाचे दुसऱ्याने आणि त्याच्यापुढे आठ तास उभे राहावयाचे तिसऱ्याने, अशी वाटणी झाली. तिचे परिणाम अहमदाबादेच्या कॅलिको मिलमध्ये स्पष्ट दिसले. १९५२ साली तेथे स्वयंचलित माग बसविण्यात आले. परंतु अपेक्षेप्रमाणे उत्पादन वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे संशोधक ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये शोध घेतला, तेव्हा दोष मागात नसून कामाच्या मांडणीत आढळला. एका शेडमधील काम बारा प्रकारांत तुकडे तुकडे करून वाटलेले होते. अखंड कापडाची जबाबदारी कोणाचीच नव्हती. ठरावीक मागांचा एक गट एका छोट्या तुकडीकडे सोपवावा, अशी कल्पना त्यांनी मांडली. तिचा तपशील मात्र मुकादमांनी आणि कामगारांनी आपण होऊन ठरविला. उत्पादन वाढले, खराब कापडाचे प्रमाण घटले.

याच विचारपरंपरेतील संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकात नॉर्वेमध्ये मालक आणि कामगार संघटना यांच्या सहकार्याने असे प्रयोग केले. पण पुढे तिथे एक अवघड प्रश्न निघाला. मालकाने बोलावले म्हणून कामगाराने मत द्यावे, एवढे पुरेसे आहे काय? संगणकतज्ज्ञ क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी १९७० पासून लोखंड व धातुकामगारांच्या संघटनेबरोबर काम केले, ते या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी. संगणक म्हणजे काय, त्याने आपल्या कामाचे काय होईल, हे कामगारांनी आधी शिकावे आणि मग वाटाघाटीस बसावे, अशी त्यांची योजना होती. संशोधनाचे फलित म्हणजे अहवाल नव्हे, तर संघटनेने त्यातून उचललेले पाऊल, असे त्यांनी मानले. १९७५ साली नॉर्वेत संगणकवापराविषयी राष्ट्रीय पातळीवर करार झाला. १९७७ च्या कायद्याने कामाच्या परिस्थितीबाबतचे कामगारांचे हक्क अधिक दृढ केले.

वृत्तपत्राच्या वाचकांना जवळची वाटेल अशी कथा ‘यूटोपिया’ प्रकल्पाची आहे. १९८१ ते १९८५ या काळात स्कँडिनेव्हियातील मुद्रणकामगार आणि संशोधक यांनी पाने जुळविण्याची नवी साधने एकत्र कल्पिली. यंत्र हाती नव्हते, म्हणून त्यांनी पुठ्ठ्याची आणि प्लायवुडची खोटी यंत्रे उभी केली. रिकामे खोके हाच छपाईचा यंत्रसंच मानून कामगार त्यापुढे आपले काम करून दाखवीत. अडचण दिसली की पुठ्ठा कापून पुन्हा जोडीत. संगणकाची भाषा न येणाऱ्या माणसालाही त्यामुळे बोलता आले. प्रकल्पाला बाजारात यश लाभले नाही. पण ती पद्धत जगभर पसरली.

वापरणाऱ्याचे निरीक्षण करून त्याच्या सोयीचे यंत्र बनविणे ही चांगलीच गोष्ट आहे. तथापि, त्याला निर्णयाच्या बैठकीत स्थान देणे ही निराळी गोष्ट आहे. पहिलीत कौशल्य लागते. दुसरीत सत्तेची वाटणी करावी लागते. नॉर्वे आणि स्वीडन येथे बलवान संघटना आणि कायदे पाठीशी होते. ऑस्लो विद्यापीठाशी निगडित असलेला आरोग्य-माहितीचा प्रकल्प २००० साली आंध्र प्रदेशातील कुप्पम येथे आला, तेव्हा हा फरक जाणवला. वरिष्ठांसमोर मोकळेपणी बोलण्याची सवय नसलेल्या आरोग्यसेविकेला केवळ ‘तुमचे मत सांगा’ म्हणून भागत नाही.

सौंसरसारख्या गावी हा प्रश्न परका नाही. नवा माग, कापसाचे नवे अवजार, दवाखान्यातील नोंदवही किंवा कचेरीतील अर्ज, काहीही असो, ते वापरणाऱ्याच्या दारी बहुधा तयार होऊनच येते. घरी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला सरकारी हिंदीतील रकाने भरावे लागतात, तेव्हा तो चुकला असे म्हणणे सोपे असते. रकाने आखताना तो कुठे होता, हे विचारणे कठीण असते. त्याला शिकण्यास वेळ, नापसंती सांगण्याची निर्भयता आणि सांगितलेले अंमलात येईल याची हमी, या तीन गोष्टी मिळाल्या तरच सहभाग खरा. एरवी सभा भरते, हजेरी घेतली जाते, आणि यंत्र ठरल्याप्रमाणेच येते.