सोडविलेल्या शॅमेलिऑनची शुश्रूषा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जीवदया म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांजरपोळातील गाय येते, कबुतरांना घातलेले दाणे येतात. आज ज्या जीवाविषयी मी बोलणार आहे, त्याला या चित्रात अद्याप जागा मिळालेली नाही. तो म्हणजे शॅमेलिऑन. खेड्यापाड्यांत कोठे त्याला घोयरा म्हणतात, कोठे सरडगुहिरा. कुंपणावर मान हलविणाऱ्या नेहमीच्या सरड्याशी त्याची गल्लत करू नये. याची चाल संथ, शेपटी वेटोळे घालणारी, बोटे चिमट्यासारखी आणि दोन्ही डोळे एकमेकांपासून स्वतंत्र फिरणारे. भारतात शॅमेलिऑनची ही एकच जाती आढळते.

रस्ता ओलांडताना तो सहज हाती लागतो. विषारी समजून लोक त्याला दगड मारतात. वस्तुतः त्याला विष मुळीच नसते. कधी कोणी त्याला डब्यात घालून विकावयास आणतो. एखादा श्रावक कळवळून पैसे देतो व तो जीव घरी नेतो. मुलांना रंग बदलणारा पाहुणा आवडतो, काचेच्या पेटीत एक फांदी उभी राहते आणि सोडविलेला जीव नकळत पाळीव होऊन बसतो.

येथे दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हा प्राणी संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे वा बाळगणे हा गुन्हा आहे, आणि आपला हेतू दयेचा होता एवढ्याने तो गुन्हा नाहीसा होत नाही. दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. आपण दिलेल्या पैशातून पकडणाऱ्याला उद्या आणखी एक पकडण्याची प्रेरणा मिळते. पर्वकाळात पिंजऱ्यातील पक्षी विकत घेऊन उडविणाऱ्यांनीही याचा विचार करावा, असे मला नम्रपणे वाटते. विक्रेता दिसला तर खिशात हात घालण्याऐवजी महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

तरीही जीव घरी आलाच, तर वन विभागाची माणसे येईपर्यंतचे काही तास महत्त्वाचे असतात. या प्राण्याचे दुःख मूक असते. तो ओरडत नाही, धावत नाही. पाहणाऱ्याला तो शांत वाटतो. खरे वर्तमान त्याच्या त्वचेवर असते. पार्श्वभूमीशी मिळून जाण्यासाठीच तो रंग बदलतो, ही समजूत अपुरी आहे. त्याच्या रंगात प्रकाश, उष्णता आणि मनःस्थिती यांचा मोठा वाटा असतो. मादागास्करच्या एका जातीवर जिनिव्हा येथे झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की त्वचेतील अतिसूक्ष्म स्फटिकांमधील अंतर कमी-जास्त झाल्याने रंग पालटतो. आपला पाहुणा काळवंडला असेल तर तो थंडीने गारठला असेल किंवा भ्यालेला असेल. ‘रंग दाखव’ म्हणून त्याला डिवचणे ही हिंसाच आहे.

म्हणून त्याला हाताळू नये. हवा खेळती राहील अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा जाळीच्या टोपलीत पकड घेता येईल अशी फांदी आडवी बसवावी, वरून सुती कापड टाकावे आणि मांजर, कुत्रा व मुले यांच्यापासून दूर, सावलीत ठेवावे. बंद काचपेटी उन्हात ठेवली तर थोड्याच वेळात ती भट्टी होते. दोन शॅमेलिऑन असल्यास वेगळे ठेवावेत. एकमेकांच्या नुसत्या दर्शनानेही ते त्रस्त होतात. वाटीतील साचलेले पाणी त्याला बहुधा ओळखताच येत नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो. तेव्हा पाने लावून त्यांवर स्वच्छ पाणी हळुवार शिंपडावे आणि बाजूला व्हावे. डोळे खोल गेले असतील तर शरीरातील पाणी घटले आहे असे समजावे. दिवसा तो डोळे मिटून बसत असेल तर विलंब न करता तसे कळवावे.

आता आहाराचा प्रश्न, जो आपल्याला सर्वांत अवघड जातो. हा प्राणी जिवंत कीटकांवर जगतो. दूध, भात, केळे यांनी त्याचे पोषण होत नाही. तोंड उघडून घातल्यास इजाच होते. त्याला वाचवावे तर कीटक मरतात, कीटक वाचवावेत तर तो मरतो. या पेचावर सोयीचे उत्तर माझ्याजवळ नाही. मात्र धडधाकट प्रौढ शॅमेलिऑन एखादा दिवस अन्नावाचून राहू शकतो आणि तेवढ्या वेळात तो योग्य हाती पोहोचू शकतो. ज्याचा आहार आपण देऊ शकत नाही, त्याला ठेवून घेण्याचा आग्रह का धरावा? रानात तो काय खातो, याचा भार आपल्यावर नाही. पिंजऱ्यात मात्र तो आपल्यावर येतो.

त्याला जवळच्या बागेत परस्पर सोडून देणेही उचित नव्हे. त्याच्या पोटात कृमी असू शकतात, जखम झाकलेली असू शकते, मादी असेल तर पोटात अंडी असू शकतात व ती घालण्यासाठी तिला खणता येईल अशी माती लागते. हे पशुवैद्याने पाहावे आणि मग जेथून आणले त्याच परिसरात त्याला सोडले जावे. त्यासाठी खोके स्वाधीन करताना सोबत एक चिठ्ठी द्यावी: कोणत्या गावच्या, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या झाडाजवळ, किती वाजता सापडला.