आधी बघू, मग बदलू

मी कराडजवळच्या एका गावात गाड्यांच्या वायरिंगचं काम करते. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स केला, तेव्हापासून याच धंद्यात आहे. आज तुम्हाला माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे आणि ती चूक ज्या यंत्रानं दाखवून दिली, त्याची ओळखही करून देणार आहे. त्या यंत्राचं नाव ऑसिलोस्कोप. गॅरेजमध्ये आम्ही नुसतं ‘स्कोप’ म्हणतो.

आमच्याकडे एक वहिनी येतात. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात, त्यावरच त्यांचं घर चालतं. त्यांची व्हॅन चालता चालता बंद पडायला लागली. दोन मिनिटं थांबून सेल्फ मारला की पुन्हा चालू. पण गाडीत अकरा मुलं आणि मागून ट्रक येतोय, अशा वेळी ती दोन मिनिटं फार मोठी असतात. एका आईनं तर मुलाला व्हॅनमधून काढूनही घेतलं होतं.

मी स्कॅनर लावला. कोड आला पी-0335. म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. मी सेन्सर बदलला, पैसे घेतले, गाडी दिली. चौथ्या दिवशी वहिनी परत. म्हणाल्या, “ताई, शाळेसमोरच्या गतिरोधकावरच बंद पडते हो.” मी म्हटलं, “वहिनी, गतिरोधकाचा आणि सेन्सरचा काय संबंध?” आणि पेट्रोल पंपाचा रिले बदलून दिला. आठवड्यानं त्या पुन्हा दारात उभ्या.

आता माझी चूक कुठे झाली ते ऐका. कोड सांगत होता ‘सर्किट’. मी ऐकलं ‘सेन्सर’. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर, त्याच्या वायरी आणि पार गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंतचा सगळा रस्ता. दोष त्यात कुठेही असू शकतो. स्कॅनर गल्ली सांगतो, घर नंबर आपल्याला शोधावा लागतो.

तुम्ही विचाराल, मग मीटर लावून का नाही बघितलं? बघितलं होतं. मीटरवर सगळं ठीक होतं. इथेच स्कोपचं काम सुरू होतं.

समजा, सकाळी नळाला पाणी आलं आणि बादली भरली. बादली बघून पाणी किती आलं ते कळतं. पण धार सलग होती की मध्येच तुटत होती, ते कळत नाही. त्यासाठी नळाजवळ उभं राहावं लागतं. मीटर म्हणजे बादली बघणं. तो सेकंदाला दोन-चार वेळा आकडा बदलतो. इंजिन मात्र उभ्या गाडीतही मिनिटाला साधारण 800 फेरे घेतं, म्हणजे एक फेरा सुमारे 75 मिलिसेकंदांत. मीटरचा एक आकडा येईपर्यंत इंजिनाचे निदान तीन-चार फेरे होऊन जातात. तेवढ्यात धार तुटली तर मीटरला पत्ताही लागत नाही.

स्कोप नळाजवळ उभा राहतो. पडद्यावर एक रेघ सरकत असते. वर-खाली म्हणजे व्होल्ट, डावीकडून उजवीकडे म्हणजे वेळ. दवाखान्यात हृदयाचा कार्डिओग्राम काढतात ना, तसंच.

क्रँक सेन्सरसमोर एक दातेरी चाक फिरतं. पुष्कळ गाड्यांत त्यावर 60 दात्यांची जागा असते आणि खूण म्हणून दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. त्यामुळे पडद्यावर 58 सारख्या लाटा आणि मग एक मोकळी जागा दिसते. त्या मोकळ्या जागेवरून कॉम्प्युटरला कळतं की इंजिन फेऱ्यात कुठं आहे, ठिणगी केव्हा द्यायची, पेट्रोल केव्हा सोडायचं. लाटाच आल्या नाहीत, तर तो दोन्ही बंद करतो.

शेवटी मी स्कोप लावला, तोही कॉम्प्युटरच्या बाजूच्या कपलरला, म्हणजे सगळा रस्ता तपासला जाईल. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत लाटा छान. मग वहिनींना म्हटलं, “चला, तुमच्या गतिरोधकावर.” त्या चालवत होत्या, मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन. गतिरोधक आला, गाडी उचलली, आपटली आणि लाटा कापल्यासारख्या गेल्या. इंजिन बंद.

यातली एक खूण सांगते. पेट्रोल न मिळाल्यामुळे इंजिन बंद पडलं असतं, तर ते फिरत फिरत थांबलं असतं आणि लाटा हळूहळू बुटक्या व विरळ झाल्या असत्या. इथे त्या पूर्ण उंचीवर असतानाच गेल्या. म्हणजे इंजिन फिरत होतं, खबर पोचत नव्हती. वायर चाचपत गेले. इंजिनाच्या ब्रॅकेटवर घासून एका ठिकाणी वायरचं आवरण गेलं होतं. धक्का बसला की तांबं लोखंडाला टेकायचं.

वायर नीट केली, वरून जाळी चढवली, ब्रॅकेटपासून लांब बांधली. व्हॅन त्यानंतर बंद पडलेली नाही. जुना सेन्सर चांगलाच होता. त्याचे आणि रिलेचे पैसे मी वहिनींना परत केले. त्या नको म्हणत होत्या. पण मला पैशापेक्षा दुसरंच लागलं होतं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात गतिरोधक सांगितला होता आणि मी ऐकलं नव्हतं. ‘बाईला गाडीतलं काय कळतं’ हे मी स्वतः किती वेळा ऐकलंय! तरी वहिनींशी मी तशीच वागले.

स्कोप आणखीही कामाला येतो. डायनामोतला एखादा डायोड गेला, तरी मीटर 14 व्होल्ट दाखवू शकतो. स्कोपवर मात्र सारख्या लाटांमध्ये खड्डा दिसतो. ज्या मुली हे काम शिकताहेत, त्यांनी मात्र जपून. इग्निशन कॉइलच्या प्राथमिक बाजूलाही तीन-चारशे व्होल्टचा झटका असतो, तिथे दाब कमी करणारा प्रोबच लावायचा. प्लगच्या वायरला थेट कधीच जोडायचं नाही. एअरबॅगचे पिवळे कपलर आणि इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबल यांना वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावायचा नाही.

आणि ज्या गाडी चालवतात, त्यांच्यासाठी तीन गोष्टी. गाडी केव्हा बिघडते ते लिहून ठेवा. गरम असताना की थंड, पावसात की खड्ड्यात, दिवे लावल्यावर की वळताना. मिस्त्रीनं पार्ट बदलायचं म्हटलं, की विचारा, “काय तपासलंत? काय दिसलं?” आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या. यात कुणाचा अपमान नाही. चांगल्या मिस्त्रीला असा प्रश्न आवडतो.

माझ्या गॅरेजच्या भिंतीवर आता मी खडूनं लिहून ठेवलंय, “आधी बघू, मग बदलू.” त्याखाली वहिनींनी आणखी एक ओळ लिहिली आहे, “आणि त्याच्याही आधी ऐकू.” ती मी पुसलेली नाही.