पोट लहान झालं, मनाचं काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी सांगलीतल्या एका शाळेत मराठी शिकवते. मुलांना वाक्प्रचार शिकवताना एक गोष्ट नेहमी जाणवते. आपल्या भाषेत मनातलं पुष्कळसं पोटात राहतं. गुपित पोटात ठेवायचं, दुसऱ्याचा अपराध पोटात घालायचा. भीती वाटली की पोटात गोळा येतो. राग गिळायचा, दुःख गिळायचं, अपमान पचवायचा. पोट आणि मन यांचं नातं आपल्या पूर्वजांना चांगलंच ठाऊक असणार. मला मात्र ते नीट उमगलं ते पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर. त्याविषयीच आज बोलायचं आहे.

२०२१ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, माझ्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा माझं वजन होतं ११८ किलो आणि उंची पाच फूट एक इंच. मधुमेह होता, गुडघे बोलू लागले होते आणि रात्री झोपेत श्वास अडकायचा. पथ्य, चालणं, काढे, उपास, सगळं करून झालं होतं. दहा किलो उतरायचे आणि बारा चढायचे. तेव्हा डॉक्टरांनी या शस्त्रक्रियेचा विचार करायला सांगितलं.

ही काही कालपरवाची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराला वळसा घालून देणारी पहिली ‘बायपास’ केली. माझ्यावर झाली ती ‘स्लीव्ह’. यात दुर्बिणीतून जठराचा साधारण पाऊण भाग कायमचा काढून टाकतात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं निमुळतं जठर. त्यानंतर पहिले काही दिवस नारळपाणी, डाळीचं पाणी, गाळलेलं ताक. मग पेज, घोटलेलं वरण, मऊ खिचडी. हळूहळू दीड-दोन महिन्यांनी घरातलं रोजचं जेवण, पण तेही वाटीच्या मापानं. आधी डाळ, पनीर किंवा अंडं, मग भाजी आणि जागा उरली तर भात. घास बारीक चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, ते अर्ध्या तासानं. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि ठरावीक मुदतीनं रक्ततपासणी मात्र जन्मभर. ‘झटपट बारीक व्हायचा सोपा मार्ग’ असं कुणी म्हणालं, की मी त्यांना माझा गोळ्यांचा डबा दाखवते.

आता मुख्य मुद्दा सांगते. आपल्याला भूक लागते त्यामागे ‘घ्रेलिन’ नावाच्या एका संप्रेरकाचा मोठा हात असतो. १९९९ साली जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा या शास्त्रज्ञांनी ते शोधून काढलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो. त्यामुळे ऑपरेशननंतरचे पहिले काही महिने बहुतेकांना भूक फारशी लागतच नाही. मलाही लागत नव्हती. घड्याळ लावून खावं लागायचं. जन्मात प्रथमच माझ्या पोटात कावळे ओरडत नव्हते.

आणि तरीही रात्री साडेदहा वाजले, की माझे पाय स्वयंपाकघराकडे वळायचे. हात वरच्या फळीवरच्या भडंगाच्या डब्याकडे जायचा. पोट रिकामं नव्हतं, भूक नव्हती, चवीची आठवणही होत नव्हती. मग तिथं उभं राहून हे हवं होतं कुणाला?

या प्रश्नाचं उत्तर २०१४ सालात होतं. त्या वर्षी माझे यजमान अचानक गेले. मुलगी नववीत होती, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तेराव्यानंतर चार दिवसांनी मी शाळेत रुजू झाले. दिवसा वर्ग, संध्याकाळी मुलीचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, बँकेची कामं. लोक कौतुकानं म्हणायचे, ‘बाई खंबीर आहेत हो!’ खंबीर माणसाला रडायला वेळ नसतो आणि कुणी रडूही देत नाही. रात्री साडेदहाला सगळी निजानीज झाली की मी भडंगाचा डबा घेऊन स्वयंपाकघरात बसायची. दिवसातली ती पंधरा मिनिटं फक्त माझी असत. तिथं कुणी काही मागत नव्हतं, कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं. एवढी वर्षं त्या डब्यानं मला सांभाळलं, हे मी मोकळेपणानं सांगते. त्यात मला लाज वाटत नाही.

ऑपरेशननं तो डबा मिटला. दोन मुठीही जाईनात. आणि सात वर्षं गिळलेलं सगळं वर आलं. वजन दर आठवड्याला उतरत होतं, साखर आटोक्यात आली होती, डॉक्टर खूश होते आणि मी रात्री ओट्याला टेकून रडत होते. घरच्यांना कळेना, आता हिला झालंय तरी काय!

रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी मला समजावलं, की हे अनेकांच्या बाबतीत होतं. खाणं हा ज्याचा आधार असतो त्याच्या हातून तो आधार एका दिवसात काढून घेतला जातो. जुना सोबती गेल्यासारखंच असतं ते. त्याचाही शोक करावा लागतो. हिल्डे ब्रूक या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी गेल्या शतकात या विषयावर फार मूलभूत काम केलं. त्यांचं म्हणणं असं, की मूल कशानंही रडलं तरी प्रत्येक वेळी त्याच्या तोंडात खाऊच घातला, तर मोठेपणी त्याला भूक कुठली आणि दुःख, भीती, कंटाळा कुठला, हे वेगळं ओळखता येत नाही. मला हे ऐकून आपली घरं आठवली. पोर पडलं की लाडू, परीक्षेत नापास झालं की ‘जाऊ दे, आधी जेवून घे’, पास झालं की पेढे. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण आपण एकाच किल्लीनं सगळी कुलपं उघडायला शिकतो.

समुपदेशक बाईंनी मला एक वही घालायला सांगितली. खावंसं वाटलं की आधी वेळ लिहायची, मग त्याच्या आधी काय घडलं ते. उष्मांकांचा हिशोब लिहायचा नाही. पोटाची भूक हळूहळू वाढते, साध्या अन्नानंही भागते आणि भागली की थांबते. मनाची भूक एकदम येते, तिला अमुकच पदार्थ हवा असतो आणि पोट भरलं तरी ती भागत नाही. मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली. समोर नुसती ज्वारीची भाकरी आणि वरण ठेवलं तर मी खाईन का? ‘हो’ असेल तर भूक खरी, बसून शांतपणे जेवायचं. ‘नको, भडंगच हवं’ असं आलं तर वही उघडायची. महिनाभरात वहीनंच मला सांगितलं, की शनिवारी रात्री, मुलीचा फोन येऊन गेल्यावर आणि कुणी ‘खंबीर’ म्हणालं त्या दिवशी माझी भूक हमखास वाढते. मग भडंगाऐवजी मी त्या वेळी माझ्या धाकट्या बहिणीला फोन करू लागले. कधी पाच मिनिटं, कधी तासभर. पहिल्या काही फोनमध्ये नुसती रडले. तिनंही ‘रडू नको’ असं म्हटलं नाही, हे तिचे उपकार.

हे काम केलं नाही तर काय होतं, तेही आमच्या रुग्णांच्या बैठकीत पाहिलं. दोन पोळ्या जात नाहीत, पण शेव, चिवडा, आइस्क्रीम, चॉकलेट लहान जठरातूनही सहज सरकतं. थोडं थोडं करत दिवसभर तोंड चालू राहतं आणि वजन परत फिरतं. काहींचा आधार खाण्याकडून दुसरीकडे वळतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, बायपास झालेल्यांमध्ये दुसऱ्या वर्षी दारूच्या समस्यांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. त्यात शरीराचाही भाग आहे, कारण बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर भिनते. पण मनाला टेकायला जागा लागते, हेही त्यातून दिसतं.

आता घरच्या माणसांविषयी. माझी आई ८० वर्षांची आहे, माझ्याजवळच राहते. तिच्या पिढीला प्रेम दाखवायची एकच रीत माहीत, वाढणं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या होळीला तिनं पुरणपोळी केली. मला पाव पोळीच्या वर जाईना. ती काही बोलली नाही, पण दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी म्हणाली, “मग मी तुझ्यासाठी करू तरी काय?” मला पटकन उत्तर सुचेना. त्या दिवसांत माझे केस फार गळत होते. या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असं होतं, पुढे बहुधा पुन्हा येतात. मी म्हटलं, “आई, डोक्याला तेल लावून देतेस?” तिनं खोबरेल कोमट केलं आणि माझ्या विरळ केसांतून कितीतरी वेळ बोटं फिरवत बसली. तेव्हापासून दर रविवारी आमचा हा कार्यक्रम असतो. आता सणावारी ती माझ्या पानात छोटी वाटी ठेवते आणि दुसऱ्यांदा विचारत नाही. तिच्यासारख्या बाईनं दुसऱ्यांदा न विचारणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे श्रोत्यांमधल्या गृहिणींना वेगळं सांगायला नको.

शरीराशी ओळखही नव्यानं करून घ्यावी लागते. दीड वर्षात माझं वजन ७४ किलोवर आलं. आज ते ७८ आहे. दुसऱ्या वर्षानंतर थोडं वजन परत येणं हे शरीराच्या स्वभावाला धरूनच आहे, असं डॉक्टर सांगतात. एस.टी.त एका माणसाच्या जागेत मी मावते, तरी अजून आडवी होऊनच शिरते. दंडाची कातडी लोंबते. आजारी आहे का, असं कुणी विचारतं. आणि पूर्वी माझ्याकडे न बघणारी माणसं आता आवर्जून चहा विचारतात, तेव्हा आनंदाबरोबर थोडं दुखतंही. आत तीच बाई आहे ना! त्या ११८ किलोच्या बाईविषयी मला आज रागही नाही आणि कीवही नाही. तिनं घर चालवलं, मुलीला शिकवलं.

ही शस्त्रक्रिया कुणी करावी आणि कुणी करू नये, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. अलीकडे, २०२५ सालापासून, वजन उतरवणारी नवी इंजेक्शनंही आपल्याकडे मिळू लागली आहेत. तीही भूक कमी करतात. उपाय कुठलाही असो, तो पोटापर्यंत पोहोचतो. पुढचं काम आपलं आणि आपल्या माणसांचं असतं. म्हणून शस्त्रक्रियेचा खर्च, रजा, विमा यांची चौकशी करताना आणखी एक चौकशी करा, की तिथं आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक आहेत का आणि वर्षभरानंतरही ते भेटतील का. मन फारच खचलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर वाट पाहू नका. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते.

आणि ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांना एक विनंती. त्यांच्या ताटाकडे आणि वजनकाट्याकडे बघणारी माणसं भरपूर असतात. तुम्ही रात्री साडेदहाच्या सुमारास त्यांच्याजवळ जरा बसा. ‘जेवलीस का?’ हे आपण सगळेच विचारतो. त्याच्यापुढे एवढंच विचारा, ‘आज दिवस कसा गेला?’ आणि मग उत्तर येईपर्यंत थांबा.