रक्ताच्या कर्करोगावर मज्जारोपण : डॉ. डोनॉल थॉमस यांचे कार्य



हाडांच्या पोकळीतील मज्जेत रक्तपेशी जन्मास येतात. तेथेच बिघाड होऊन अपक्व पांढऱ्या पेशींचा बुजबुजाट माजला, म्हणजे रक्ताचा कर्करोग होतो. एके काळी असा रुग्ण काही महिन्यांचाच सोबती समजला जाई. ही स्थिती पालटण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत डॉ. डोनॉल थॉमस यांचे नाव अग्रभागी आहे.

१९२० साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात, मार्ट या लहानशा गावी, एका ग्रामीण डॉक्टरच्या घरी त्यांचा जन्म झाला. रोगट मज्जा किरणोपचाराने नष्ट करावी आणि निरोगी मज्जा शिरेवाटे द्यावी, हा त्यांचा विचार. १९५७ साली त्यांनी पहिले प्रयोग प्रसिद्ध केले. परंतु रुग्ण वाचले नाहीत. जुळ्या भावंडाची मज्जा रुजे, पण रोग पुन्हा उद्भवे. इतरांची मज्जा रुग्णाचे शरीर नाकारी, किंवा ती मज्जाच शरीरावर उलटे. अनेक संशोधकांनी हा मार्ग सोडून दिला.

थॉमस यांनी तो सोडला नाही. मात्र रुग्णांवर प्रयोग रेटण्याऐवजी ते श्वानांवरील संशोधनाकडे वळले. दाता व रुग्ण यांच्या पेशींचे गुणधर्म जुळले तर यश येते, हे सिद्ध झाल्यावर १९६९ साली सिअॅटल येथे त्यांनी भावंडांच्या मज्जेचे रोपण सुरू केले. अन्य उपाय थकलेल्या १०० रुग्णांपैकी १३ जण रोगमुक्त राहिल्याचे त्यांच्या चमूने १९७७ साली नोंदविले. आकडा लहान खरा. पण ते तेरा जण एरवी वाचले नसते.

आणखी एक गोष्ट १९७९ साली त्यांच्या चमूच्या ध्यानी आली. दात्याच्या पेशी ज्यांना उपद्रव देत, त्यांच्यात कर्करोग कमी वेळा उलटे. म्हणजे त्या पेशी कर्करोगाशीही लढत होत्या! प्रतिकारशक्तीलाच औषध बनविणाऱ्या उपचारपद्धतीला या निरीक्षणाने बळ मिळाले.

१९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पत्नी डोरोथी या संशोधनकार्यात त्यांच्या आजन्म सहकारी होत्या. २०१२ साली थॉमस निवर्तले.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली मज्जारोपण झाले. रुग्णाच्याच प्रतिकारपेशींत बदल घडवून केलेल्या भारतीय उपचाराला २०२३ साली मान्यता मिळाली. तो मुंबईच्या आयआयटीने याच रुग्णालयाच्या सहकार्याने विकसित केला.

हा रोग स्पर्शाने पसरत नाही. दीर्घकाळचा ताप, फिकटपणा वा अकारण रक्तस्राव दिसल्यास रक्त तपासून घेण्यास विलंब करू नये.