शहराचें माप



पस्तीस वर्षें मुलांना गणित शिकविलें. शाळा सुटली, तरी फूटपट्टीची संवय कांहीं सुटली नाहीं. गेल्या महिन्यांत माझ्या पंचाहत्तर वर्षांच्या थोरल्या बहिणीला लालबागहून दादरला नेत्रवैद्याकडे घेऊन निघालों, तेव्हांही ती पट्टी पिशवींत होतीच. वाटेंत एका पदपथापाशीं अक्का थबकली. मीं पट्टी लावून पाहिली. चढ अकरा इंचांचा भरला. पदपथ १५० मिलिमीटरांहून, म्हणजे सुमारें सहा इंचांहून, उंच नसावा, असें इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ सालच्या नियमावलींत लिहिलें आहे. अक्का मात्र स्वतःच्या गुडघ्यालाच दोष देत, माझ्या खांद्याच्या आधारानें वर चढली.

पुढें दादरला रस्ता ओलांडतांना मीं तिला उत्साहानें दिव्याकडे बोट करून दाखविलें. तेथें स्वातंत्र्यवीर सावरकर मार्गावरील पादचाऱ्यांच्या दिव्यांत २०२० सालीं पुरुषाच्या जागीं स्त्रीची आकृती बसविण्यांत आली. कित्येकांनीं तिची थट्टा केली. मला ती थट्टा रुचत नाहीं. रस्ता आपलाही आहे, एवढें तरी ती आकृती मुलींना सांगते. अक्का हंसून म्हणाली, "छान आहे रे! पण घराबाहेर पडतांना ही पोटभर पाणी पीत असेल का?"

त्या प्रश्नाचा अर्थ मला दवाखान्यांत उमगला. बाहेर जावयाचें म्हणून अक्कानें सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

हें दुःख तिचें एकटीचें नाहीं. विनामूल्य व स्वच्छ मुतारी हा स्त्रियांचा हक्क आहे, असें म्हणत मुंबईंतील संघटनांनीं २०११ सालीं चळवळ उभारली, ती याचसाठीं. परळ-लालबागच्या गिरण्यांत बायका राबल्या, गिरगांवच्या चाळींतून त्या कचेऱ्यांत गेल्या. परंतु घराबाहेर पडलेल्या बाईलाही शरीर असतें, हें रस्ते आंखणाऱ्यांच्या ध्यानीं आलें नाहीं.

वर्गांत धडा पुढें न्यावयाचा, तो मागच्या बांकावरच्या मुलाकडे पाहून. रस्ताही तसाच आंखावा. सहा इंचांची पायरी, थोड्या थोड्या अंतरावर एक बांक, पाण्याचा नळ आणि स्वच्छ मुतारी, यांत अवघड असें काय आहे? जो पदपथ अक्काला चढवेल, तो ओझेवाल्या हमालाला, गरोदर बाईला आणि उद्यां तुम्हां-आम्हांलाही चढवेल.

आपल्या दाराबाहेरची पायरी आज एकदां मोजून पाहा. अधिक भरली, तर तो आंकडा वॉर्डाच्या कचेरीला लिहून कळवा.