चालणे किती, सांगणे किती?



न्यासाच्या या मंगल प्रसंगी आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. आरोग्य-शिबिरात पुष्कळदा आपल्या हाती एक प्रश्नावली येते. गेल्या 7 दिवसांत आपण किती मिनिटे चाललात, अंगमेहनतीची कामे किती केलीत, बसून किती वेळ गेला, असे प्रश्न तीत असतात. आपण उत्तरे लिहून मोकळे होतो. ती कितपत खरी असतात, एवढाच आमचा विषय आहे.

इंग्लंडच्या 2008 सालच्या आरोग्य-पाहणीत याची चांगली पारख झाली. आठवड्यातून निदान 5 दिवस, रोज अर्धा तास अंगमेहनत, ही त्या वेळची कसोटी. लोकांच्या सांगण्यावरून 39 टक्के पुरुष व 29 टक्के स्त्रिया तीस उतरल्या. पाहणीतील काही जणांच्या कमरेला आठवडाभर हालचाल मोजणारे लहानसे यंत्रही लावले होते. त्याच्या हिशेबी पुरुष उतरले 6 टक्के, स्त्रिया अवघ्या 4 टक्के!

मग लोक खोटे बोलले काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. बाजारात तास गेला हे खरे. पण त्यातील निम्मा वेळ दुकानापुढे उभे राहण्यात जातो, हे आठवत नाही. एखाद्या दिवसाची रपेट मनात रोजची होऊन बसते. शिवाय चारचौघांत बरे दिसेल असे उत्तर ओठांवर आधी येते. उलट, दिवसभर झाडलोट, धुणे करणारी गृहिणी ‘मी कुठला व्यायाम करते?’ म्हणून रकाना कोरा सोडते.

अशी एक प्रश्नावली 12 देशांत तपासली गेली व तिचे निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. त्याच माणसाला पुन्हा विचारले असता उत्तर बहुधा तेच येई. यंत्राशी मात्र त्याचा मेळ बेताचाच बसे. नेहमी दहा मिनिटे पुढे असणारे घड्याळ नियमित असते, पण बरोबर नसते, तसेच हे.

यंत्रही सर्वज्ञ नव्हे. कमरेच्या यंत्राला सायकलीचे श्रम नीट कळत नाहीत, डोक्यावरचे ओझेही कळत नाही. चालणे कामासाठी की हौसेसाठी, हे तर माणसालाच विचारावे लागते. म्हणून प्रश्नावली टाकाऊ नाही. आपल्या देशात महाराष्ट्रासह चार प्रदेशांच्या मोठ्या पाहणीत तिचाच उपयोग झाला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत निम्म्याहून अधिक लोकांची हालचाल अपुरी ठरली, आणि शहरांत ती खेड्यांहून कमी आढळली. समूहाची तुलना करण्यास ती उपयोगी पडते. एकट्या माणसाच्या मिनिटांसाठी तिच्यावर विसंबू नये.

यात आपला संबंध कोठे येतो? मधुमेहाच्या रुग्णाने ‘रोज तासभर चालतो’ असे लिहिले, की डॉक्टर साखर वाढण्याचे कारण दुसरीकडे शोधू लागतात. चुकीच्या आकड्यावर योग्य सल्ला कसा मिळावा?

म्हणून आमची एक विनंती आहे. शिबिरापूर्वी आठवडाभर दाराशी कागद ठेवावा. निघाल्याची व परतल्याची वेळ लिहावी, थांबलेला वेळ वजा करावा. भगिनींनी घरकामही निःसंकोच लिहावे. आकडा लहान निघाला तर लाजू नये. न्यासाचा जमाखर्च आपण जितक्या चोखपणे ठेवतो, तितकाच हाही ठेवावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.